दोन फायरवॉल आणि संजीवनी माची

राजगडावर संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी पाहिली असेल, तर दोन भिंती म्हणजे दुप्पट संरक्षण हे तुम्हाला लगेच पटेल. घरच्या कॉम्प्युटरवर दोन फायरवॉल टाकणाऱ्यांचा हिशोबही हाच. भोरच्या घरी मीसुद्धा टाकल्या होत्या. नेट बंद पडलं, परिषदेला पेपर पाठवायची तारीख हुकली, आणि मी आपला मोडेमला शिव्या घालत बसलो!

ही सवय लागली कशी ते बघा. २००१ च्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण सहसा बंदच. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म आला. तुम्ही काहीही न उघडता, नुसत्या नेटला जोडलेल्या मशीनमध्ये तो शिरायचा. घाबरलेल्या लोकांनी झोनअलार्मसारख्या फुकट फायरवॉल घेतल्या. वर्षभराने, ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने विंडोजची स्वतःची फायरवॉल आपोआप चालू केली. झाल्या दोन!

आता माचीकडे परत या. तिथे दोन तटांमध्ये माणूस चालेल एवढी जागा आहे. बाहेरचा पडला तरी आतला लढवता येतो. कॉम्प्युटरवर मात्र दोन्ही फायरवॉल एकाच दरवाज्यात उभ्या. एकीने सोडलेलं दुसरी अडवते, आणि अडवलं कुणी ते कळत नाही. दोघींचे ड्रायव्हर भांडले तर थेट निळा पडदा. म्हणून मशीनवर एकच ठेवा. प्रबंध त्याच मशीनवर आहे ना? दुसरा तट हवाच असेल तर तो राऊटरवर बांधा.