शब्दवेध : चायनीज

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या गाडीवर नूडल्सची वाट पाहत होतो. शेजारचा मुलगा मित्राला म्हणाला, "चल, आज चायनीज खाऊ." मनात आलं, आईची लोणच्याची बरणी 'चिनी' मातीची, मग हे खाणं 'चिनी' का नाही?

मूळ एकच. बहुतेक अभ्यासक ते इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात चीन एकत्र करणाऱ्या 'छिन' राजघराण्याकडे नेतात. संस्कृतात 'चीन' महाभारतात आहे. कालिदासाच्या शाकुंतलात 'चीनांशुक' म्हणजे चिनी रेशमी वस्त्र येतं. विणकरांच्या सोलापूरला हा शब्द जवळचा वाटावा! तिकडून आलेल्या वस्तूंवरून चिनी माती, चिनी कापूर असे शब्द रुळले. हेच नाव फारसी आणि पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेलं, इंग्रजीत 'चायना' झालं आणि 'चायनीज' होऊन आपल्याकडे परतलं.

परतताना अर्थ बदलला. विशेषणाचं नाम झालं, देशाचं एका चवीत रूपांतर झालं. मंच्युरियनचंच पाहा. नाव मांचुरियाचं, पण पदार्थ मुंबईतला. १९७५च्या सुमारास तो घडवल्याचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना दिलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली, सोया सॉस तिकडचा.

म्हणून 'चायनीज' हा शब्द चुकीचा मानू नये. आज मराठीत 'चिनी' म्हणजे चीनचं आणि 'चायनीज' म्हणजे आपल्या गाडीवरचं. दोन्ही शब्द आपलेच आहेत. ज्याला जे म्हणायचं, ते त्याच शब्दाने म्हणावं.