मातृ-सेप्सिस व जीनोमिक तंत्रज्ञान

मातृ-सेप्सिस : गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी, गर्भपातानंतर किंवा बाळंतपणात झालेल्या संसर्गाने अवयव निकामी होऊ लागून जिवावर बेतणारी अवस्था (जागतिक आरोग्य संघटना, २०१७). सूतिकाज्वर या जुन्या नावाने ओळखला जाणारा आजार त्यातच मोडतो. व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. या आजाराचे जंतू मात्र तेव्हा अज्ञातच होते. त्यांतला एक प्रमुख जंतू, स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, याचा सुमारे १८.५ लाख डीएनए-अक्षरांचा जीनोम २००१ मध्ये वाचून झाला.

एकाच वॉर्डातल्या दोन बाळंतिणींच्या जंतूंचे जीनोम जवळपास अक्षरशः जुळले, तर संसर्ग तिथेच पसरल्याचा संशय बळावतो. सेमेलवाइस यांना मृत्यूंच्या नोंदींवरून जे ताडावे लागले, त्याचा माग आता असा काढता येतो. जीनोमिक्सची ही बाजू सर्वांत भक्कम आहे.

उपचारात वाट खडतर आहे. रक्ताच्या कल्चरला एक ते तीन दिवस लागतात. थेट रक्तातून जंतूचा डीएनए वाचावा, तर नमुन्यात बहुतांश डीएनए आईचा, शिवाय गर्भारपणात थोडा गर्भाचाही, हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवले. पांढऱ्या पेशींतील जनुकांच्या हालचालीवरून सेप्सिस ओळखणाऱ्या चाचण्याही आहेत. पण गर्भारपण ही हालचाल मुळातच बदलते, म्हणून इतर रुग्णांवर ठरवलेले निकष गर्भवतीला जसेच्या तसे लावणे धोक्याचे. तंजावर जिल्ह्यातील पापनाशमसारख्या तालुक्याच्या गावी तर यंत्राच्या अहवालासाठी थांबणे परवडणारे नाही. सेप्सिसचा संशय दाट असेल, तर पहिल्या तासातच प्रतिजैविक सुरू करावे लागते.

प्रतिबंधाचा मोठा पुरावा एका साध्या औषधाने दिला. भारतासह सात देशांत झालेल्या ‘ए-प्लस’ चाचणीत (२०२३) नागपूर व बेळगाव ही भारतातील केंद्रे होती. कळा सुरू झालेल्या २९,२७८ स्त्रियांपैकी निम्म्यांना ॲझिथ्रोमायसिन २ ग्रॅम एकदाच तोंडाने दिले. सेप्सिस किंवा मातामृत्यूचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. नवजातांना तसा लाभ दिसला नाही. मात्र औषध सरसकट वापरले, तर जंतूंतील ‘ईआरएम’ जनुकांना बळ मिळण्याची भीती आहे. ही जनुके जंतूच्या रायबोसोममध्ये असा बदल घडवतात, की औषध तिथे चिकटतच नाही. त्यांच्या प्रसारावर जीनोम वाचूनच बारीक नजर ठेवता येते.