गावकरी खोली

गावकरी खोली : मुंबईच्या परळ, लालबाग, गिरगाव या भागांतील चाळींमध्ये एकाच गावच्या लोकांनी मिळून भाड्याने धरलेली सामाईक निवासाची खोली. तिला ‘गाळा’ असेही म्हणतात. कोकण, सातारा, कोल्हापूरकडून कुटुंब गावी ठेवून आलेले गिरणी कामगार हे तिचे मुख्य रहिवासी होते.

व्यवहार : भाडेपावती एखाद्या जुन्या गावकऱ्याच्या किंवा ग्रामस्थ मंडळाच्या नावावर असे. प्रत्येकाने दरमहा वर्गणी भरायची आणि त्या बदल्यात ट्रंक ठेवायला कोपरा व वळकटी पसरण्यापुरती जागा मिळवायची. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच जागी रातपाळीचा झोपे. बाकीचे गॅलरीत नाहीतर फुटपाथवर पथारी टाकत. नवखा माणूस काम लागेपर्यंत इथेच उतरे. जेवण जवळच्या खानावळीत महिन्याच्या खात्यावर असे आणि हिशेब पगाराला चुकता होई.

संकटकाळ : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. शहरात अडचण आली की गावच्या शेतीवर दिवस काढायचे आणि निवळल्यावर परतायचे, ही कामगारांची नेहमीची वाट होती. खोली मात्र सोडत नसत. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधले गेल्यावर ती राखणे आणखी सोपे झाले. राहणारे थोडे उरले तरी भाडे निघे.

खानावळीला असे संरक्षण नव्हते. वाण्याचे देणे थांबत नसे आणि संपात जेवणाऱ्यांकडून येणे थकत असे. १९७३-७४च्या गिरणी संपात खानावळवाल्या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले व स्वतः कर्जात बुडाल्या. या अनुभवातून प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. मंडळाने या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. याही वेळी अनेकांनी गाव गाठले. पण संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि असंख्य कामगारांची नोकरी परत आली नाही. गावी जाऊन वाट पाहण्याचा उपाय कामावर परतण्याच्या भरवशावर उभा होता. तो भरवसाच गेल्यावर वर्गणीदार पांगले.

सद्यस्थिती : उरलेल्या खोल्यांत नोकरी शोधणारे तरुण राहतात, परळच्या केईएम (१९२६) व टाटा (१९४१) रुग्णालयांत उपचारांसाठी आलेल्या गावकऱ्यांचीही तिथे सोय होते. चाळींच्या पुनर्विकासात नव्या घराचा हक्क पावतीवरच्या नावाला मिळतो. त्यामुळे पावती एका व्यक्तीच्या नावावर असेल तर साऱ्या गावाच्या वर्गणीने टिकवलेली खोली एकाच घराण्याची होण्याची शक्यता असते.