दोन देवळाल्या, एक इगतपुरी आणि डोक्यातलं वादळ

आपण देवळालीचे म्हटलं की बाहेरचा माणूस आधी नाशिकची देवळाली समजतो. मग "नाही हो, देवळाली प्रवरा, राहुरी तालुका" असं सांगत बसायचं. पण त्या दुसऱ्या देवळालीनं इंग्रजीला एक शब्द दिलाय, 'डूलॅली'. अर्थ, डोकं फिरलेला.

१८६१ पासून तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे. हाताला काम नाही, वर ऊन, हिवताप, दारू. त्यातले काही विचित्र वागू लागले, की बाकीचे म्हणायचे, याला 'डूलॅली टॅप' झाला. टॅप म्हणजे आपला तापच. आजाराला गावाचं नाव मिळालं आणि चेष्टेचा विषय झाला.

आपल्याकडे तरी वेगळं काय चालतं? घटकेत जीव लावणारी आणि घटकेत तोंड न बघणारी, कुणी सोडून जाईल या धास्तीनं कासावीस होणारी, रागात हातावर ब्लेड ओढून घेणारी मुलगी. (मुलगेही असतात, त्यांना आपण 'तापट' म्हणून सोडून देतो.) घरचे म्हणतात नाटकं करते, शेजारी म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. डॉक्टर त्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. १९३८ मध्ये अ‍ॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकानं 'बॉर्डरलाइन' शब्द वापरला, कारण हे रुग्ण त्या काळच्या दोन खणांपैकी कुठल्याच खणात बसत नव्हते. अमेरिकेच्या अधिकृत यादीत हा विकार आला १९८० ला.

आता गंमत बघा. नाशिकच्या देवळालीहून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेवरच पुढे इगतपुरी आहे. ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकलेले सत्यनारायण गोयंका १९६९ ला भारतात आले आणि १९७६ ला इगतपुरीत धम्मगिरी उभी राहिली. त्यामुळे कुणाचं मन बिघडलं की हमखास सल्ला येतो, "दहा दिवस इगतपुरीला पाठवा."

इथे मला थांबवावंसं वाटतं. विपश्यनेच्या शिबिरांचे स्वतःचे नियमच सांगतात, की गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी बरं होण्याच्या आशेनं येऊ नये. हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. ज्याच्या आत आधीच वादळ आहे, त्याला दहा दिवस मौनात त्या वादळासोबत एकटं बसवणं झेपेलच असं नाही.

मग ध्यानाचा उपयोग नाही का? आहे, पण वेगळ्या रीतीनं. मार्शा लिनेहान या अमेरिकी बाईंची गोष्ट ऐका. १९६१ ला, १७ व्या वर्षी त्यांना मनोरुग्णालयात ठेवलं. निदान चुकलं, विजेचे झटके दिले, एकटं कोंडलं. दोन वर्षांहून जास्त काळ तिथे काढून त्या बाहेर पडल्या, शिकल्या, मानसशास्त्रज्ञ झाल्या. रुग्णाला नुसतं "बदल" म्हटलं तर त्याला वाटतं माझंच चुकतंय. नुसतं "समजतं गं" म्हटलं तर दुखणं तसंच राहतं. म्हणून त्यांनी दोन्ही जोडून डीबीटी ही उपचारपद्धती घडवली. त्यात झेन ध्यानातून घेतलेली सजगता छोट्या सवयींत मोडली. १९९१ ला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार कमी दिसले. आपणही एकेकाळी याच यातनेत होतो, हे त्यांनी जाहीर केलं २०११ ला, ६८ व्या वर्षी!

सवय म्हणजे काय, तर उदाहरण घ्या. "त्यानं फोन उचलला नाही" हे दिसलेलं. "त्यानं मला टाकलं" हे मनानं जोडलेलं. दोन्ही वेगळं ओळखायचं, छातीत काय होतंय ते शब्दांत सांगायचं आणि लाट ओसरेपर्यंत हात रोखायचा. हे एकट्यानं जमत नाही. सोबत थेरपिस्ट लागतो, शिकवणारा गट लागतो आणि वर्षभराचा धीर लागतो.

याला इंग्रजीत 'माइंडफुलनेस' म्हणतात. मूळ शब्द पालीतला 'सति', म्हणजे आपली स्मृती. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ ला तो भाषांतरात वापरला. आपल्याच मातीतली गोष्ट जग फिरून आली, पण येताना उपचाराची शिस्त घेऊन आली. ती शिस्त वगळून नुसता श्वास सांगू नका.

कुणी जिवाचं काही करून घ्यायचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतं आणि शिक्षेऐवजी सरकारनं त्याची काळजी घ्यावी असं सांगतं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. बोलताना "डीबीटी शिकलेलं कुणी जवळपास आहे का" एवढं नक्की विचारा.