स्वतःचा डेस्कटॉप संगणक प्रथमच जोडताना

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट आणि कोलकात्याचे चांदनी मार्केट या बाजारपेठांतून सुटे भाग आणून संगणक जोडून घेण्याची प्रथा आपल्या देशात अनेक वर्षांपासून रूढ आहे. पूर्वी जोडणीचे काम बहुतांशी दुकानदारच करीत असे. आता मात्र भाग स्वतः निवडून ते घरच्या टेबलावर स्वतःच जोडणारेही, विशेषतः विद्यार्थी, बरेच आढळतात. प्रत्यक्ष जोडणीस एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक मोकळी दुपार पुरेशी असते. चूक होते ती बहुधा त्याआधी, भागांची यादी करताना. आणि ती झाली की साठवलेले पैसे न बसणाऱ्या अथवा जळालेल्या भागात अडकून पडतात.

वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात, यामागे इतिहास आहे. आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्या अंतर्गत रचनेचा तांत्रिक तपशीलही प्रसिद्ध केला. त्यामुळे इतरांना त्यात बसणारी कार्डे आणि पुढे तसेच संगणक बनविणे शक्य झाले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा मापदंड आणला. मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा आणि वीजजोडणीचे स्वरूप त्याने ठरवून दिले. पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, तर मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा. तीन दशकांनंतरही एका कंपनीच्या कॅबिनेटमध्ये दुसऱ्या कंपनीचा बोर्ड बसतो, तो यामुळेच.

शब्दांबाबत एक खुलासा. मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस यांना मराठी प्रतिशब्द घडविता येतील. परंतु ते घेऊन दुकानात गेल्यास काहीही मिळणार नाही. म्हणून येथे बाजारातील शब्दच वापरले आहेत. तसेच घरोघरी ज्या पेटीला ‘सीपीयू’ म्हटले जाते, तिचे बाजारातील नाव कॅबिनेट होय. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा तळहाताच्या मध्यभागी मावेल एवढा चौकोनी तुकडा असतो.

यादी करताना

उदाहरणादाखल एक साधी जुळणी घेऊ : एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ प्रकारची रॅम, एक टेराबाइटचा एम.२ एसएसडी, ५५० वॅटचा एसएमपीएस आणि कॅबिनेट. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या या प्रोसेसरमध्ये सहा गाभे आहेत. त्याच्या खोक्यात पंखा मिळतो आणि पडद्यावर चित्र दाखविण्याची सोय प्रोसेसरमध्येच असल्याने वेगळे ग्राफिक्स कार्ड पहिल्या दिवशी घेण्याची गरज नसते. लिखाण, अभ्यास, प्रोग्रॅमिंग यांसाठी एवढे पुरते. खेळांसाठी किंवा व्हिडिओ संकलनासाठी कार्ड पुढे जोडता येते.

ही शेवटची बाब बारकाईने पाहावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर एफ हे अक्षर असते, त्यांत चित्राची सोय नसते. एएमडीच्या जुन्या पिढीतील रायझन ५ ५६०० मध्येही ती नाही. ५६००जी मध्ये आहे. एका अक्षराच्या या फरकामुळे किंमत थोडी कमी दिसते, ग्राहक आनंदाने खरेदी करतो, आणि घरी सर्व जोडल्यानंतर पडदा काळाच राहतो.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच असावे लागते. रायझन ५ ७६०० साठी ते एएम५ आहे. हे सॉकेट २०२२ मध्ये आले आणि २०२७ पर्यंत तरी त्यासाठी नवे प्रोसेसर आणण्याचे एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केले. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी एलजीए१७०० हे सॉकेट आहे, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेस एलजीए१८५१ लागते. सॉकेट जुळले तरी आणखी एक अडथळा संभवतो. मदरबोर्ड प्रोसेसरच्या आधी तयार झालेला असेल, तर त्यातील बायोस हा मूलभूत प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. बी६५० बोर्डावर २०२४ मधील रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर लावताना हा प्रश्न येऊ शकतो. बायोस अद्ययावत करून देण्यास दुकानदारास आधीच सांगावे, अथवा प्रोसेसरविनाच बायोस बदलता येणारा बोर्ड निवडावा.

रॅमबाबत डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दोन्हींना २८८ पिनाच असतात; मात्र खाचेची जागा वेगळी असल्याने चुकीची पट्टी बसतच नाही. एलजीए१७०० चे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळत असल्याने खोक्यावरील अक्षरे वाचूनच पैसे द्यावेत. २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीच्या किमती झपाट्याने वाढल्या. त्यामुळे जुन्या लेखांतील अंदाजपत्रकांवर विसंबू नये. ज्या दिवशी खरेदी करावयाची, त्याच दिवसाचे दर घ्यावेत.

एसएसडीची निवड तुलनेने सोपी आहे. साटा जोडणीचा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत वाचतो, तर चौथ्या पिढीचा एनव्हीएमई सुमारे ७,००० पर्यंत. रोजच्या कामात एवढा फरक जाणवत नाही.

वीज : सर्वाधिक दुर्लक्षित भाग

पैसे कमी पडू लागले की पहिली कात्री एसएमपीएसला लागते. प्रस्तुत लेखिकेच्या मते ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. घरातील २३० व्होल्टची वीज बदलून १२ व्होल्ट व त्याखालील दाबाने प्रत्येक भागाला पोहोचविणे हे एसएमपीएसचे काम. तो नादुरुस्त झाला तर एकटाच जात नाही. मदरबोर्ड आणि डिस्कही सोबत नेऊ शकतो. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस म्हणूनच टाळावा.

वर दिलेल्या प्रोसेसरला कंपनीने ६५ वॅट हा आकडा दिला असला, तरी जोराच्या कामात तो ८८ वॅटपर्यंत वीज घेतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला संपूर्ण संगणक दीडशे वॅटच्या आसपास राहतो. पुढे आरटीएक्स ४०६० सारखे ११५ वॅटचे कार्ड लावावयाचे झाल्यास एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटच्या एसएमपीएसची आहे. ‘८० प्लस’ ही खूण वीज किती कमी वाया जाते हे सांगते. सुरक्षिततेची हमी ती देत नाही. त्यामुळे खुणेबरोबरच वॉरंटीची वर्षेही पाहावीत.

सुट्या तारांच्या, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएसबाबत धोक्याची सूचना अशी की, एका कंपनीच्या तारा दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसतात, आतील क्रम मात्र निराळा असू शकतो, आणि बटण दाबताच डिस्क जळू शकते. एसएमपीएस उघडण्याचा प्रयत्नही करू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो.

आपल्याकडे अर्थिंगचा प्रश्नही मोठा आहे. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बहुधा तीन पिनांच्या सॉकेटमधील तिसरी तार कोठेही जोडलेली नसते. अशा वेळी संगणकाची नव्हे, भिंतीतील वायरिंगची तपासणी करून घ्यावी. भाग विकत घेण्यापूर्वीच वायरमनला बोलावलेले बरे.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत होते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॅटच भार पेलतो. त्याचा हेतू काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरता आहे. स्वस्त यूपीएसचा विद्युतप्रवाह पायऱ्यापायऱ्यांचा असतो, आणि काही आधुनिक एसएमपीएस नेमके वीज गेल्याच्या क्षणी त्यावर बंद पडतात. शक्य असल्यास दुकानात दोन्ही एकत्र चालवून पाहावेत.

प्रत्यक्ष जोडणी

काम लाकडी टेबलावर करावे. खाली गालिचा किंवा अंगात लोकरीचा स्वेटर नसावा. स्थिर विद्युत कोरड्या हवेत अधिक साचते. म्हणून उत्तरेतील हिवाळ्यात वा विदर्भाच्या उन्हाळ्यात, कोकणातील पावसाळ्यापेक्षा जास्त जपावे लागते. भाग हाताळण्यापूर्वी रंग न दिलेल्या, जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा.

मदरबोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, पंखा, रॅम आणि एसएसडी बाहेरच बसवावेत. सर्वांत नाजूक क्षण प्रोसेसरचा. एएम५ सॉकेटमध्ये १,७१८ बारीक पिना मदरबोर्डवर असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळवावा आणि तो अलगद खाली ठेवावा. दाबू नये, सरकवू नये. एक पीन वाकली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि वाकलेली पीन वॉरंटीत धरली जात नाही. कडी खाली करताना बराच जोर लागतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही. या वेळी सॉकेटवरील काळे प्लॅस्टिकचे झाकण आपोआप निघून येते. ते फेकू नये. बोर्ड वॉरंटीसाठी परत करताना ते मागितले जाते.

खोक्यातील पंख्याच्या तळाशी उष्णतावाहक पेस्ट आधीच लावलेली असते. तिला बोट लावू नये. पंखा बसविण्यापूर्वी सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे पट्टे काढावे लागतात. त्यानंतर चारही स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबाव्यात. पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर पुस्तिकेचे ऐकावे.

कॅबिनेटमध्ये बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, त्या बोर्डाच्या छिद्रांखालीच असाव्यात. एखादी जादा खुंटी छिद्र नसलेल्या जागी राहिली, तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट सर्किट होते. यानंतर २४ पिनांची मुख्य तार आणि प्रोसेसरची ८ पिनांची तार जोडावी. ही दुसरी तार बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, अडचणीच्या जागी लागते आणि हमखास राहून जाते. प्रस्तुत लेखिकेच्या पहिल्या संगणकाचे पंखे जोरात फिरत होते, दिवे लागले होते, पडदा मात्र काळा. रॅम काढणे-घालणे यात दोन तास गेले; अखेर ती आठ पिनांची तार कॅबिनेटमागे लोंबकळताना सापडली.

पडदा काळा राहिल्यास

एएम५ संगणक प्रथमच सुरू करताना रॅमची जुळवाजुळव करण्यात काही मिनिटे घेतो. तोपर्यंत पडद्यावर काहीही येत नाही. या काळात घाबरून वीज बंद करणे ही नवख्यांची नेहमीची चूक. दहा मिनिटांनंतरही चित्र न आल्यास बोर्डावरील छोटे दिवे पाहावेत. अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, चित्र आणि डिस्क यांसाठी वेगवेगळा दिवा असतो. मग रॅमची एकच पट्टी ठेवून पाहावे. ग्राफिक्स कार्ड लावलेले असल्यास मॉनिटरची तार कार्डालाच जोडली आहे ना, हे तपासावे.

चित्र आल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचा एक्सपो हा पर्याय सुरू करावा; अन्यथा जादा वेगासाठी पैसे मोजलेली रॅमही कमी वेगाने चालत राहते. ऑपरेटिंग सिस्टीमचा खर्च बहुतेक अंदाजपत्रकांतून सुटतो. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे नव्या संगणकावर ती बसविण्यात अर्थ नाही. विंडोज ११ चा परवाना विकत घ्यावा लागतो. लिनक्स विनामूल्य आहे. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते.

पावती आणि वॉरंटी

तयार संगणकास एकच वॉरंटी असते. जोडलेल्या संगणकात प्रत्येक भागाची मुदत आणि सेवा केंद्र वेगळे. म्हणून जीएसटी क्रमांकासह पक्की पावती घ्यावी आणि तीवर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. परदेशातून परस्पर आणलेल्या भागांना भारतात वॉरंटी मिळेलच असे नाही. हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. वॉरंटीची मुदत वाढूही शकते : इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे निष्पन्न झाल्यावर कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. दुकानदाराने वॉरंटी नाकारल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तेव्हा पावतीची आणि अनुक्रमांकांची माहिती लागते, म्हणून पावतीचे छायाचित्र नव्या संगणकाखेरीज दुसरीकडेही जपून ठेवावे.