पेशी-इजा, हृदयस्नायूतील

उच्च रक्तदाबामुळे हृदयाच्या डाव्या निलयावरील भार वाढतो. प्रौढ हृदयस्नायूच्या पेशी जवळजवळ विभाजित होत नाहीत. म्हणून त्या संख्येने न वाढता आकाराने वाढतात. ही अतिवृद्धी म्हणजे अनुकूलन, पण महागडे: जाड भिंतीला ऑक्सिजनही जास्त लागतो. हृदयरोहिणी अचानक बंद झाली, तर काही सेकंदांत तंतुकणिकांमधील एटीपी या ऊर्जा-रेणूची निर्मिती मंदावते आणि सुमारे मिनिटभरात आकुंचन थांबते. सोडियम-पंप बंद पडून सोडियम व पाणी आत शिरते, पेशी फुगते. इथवरची इजा रक्तपुरवठा परतताच भरून निघू शकते. सुमारे २० ते ४० मिनिटांनंतर मात्र पटल फाटते, कॅल्शियम आत घुसते आणि पेशी मरते. तिच्यातून गळणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनावरून रक्ततपासणीत हृदयविकाराचा झटका ओळखता येतो.

पेशीने स्वतःच आखीव रीतीने मरणे (अपोप्टोसिस) हा पेशीमृत्यूचा वेगळा प्रकार. त्यात सहसा दाह होत नाही. केर, वायली व करी या संशोधकांनी १९७२ मध्ये त्याला हे नाव दिले.

बंद हृदयरोहिणी उघडून रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतानाही काही पेशी दगावतात. तरीही बंद रोहिणी लवकरात लवकर उघडणे हाच मुख्य उपचार आहे.