स्वाराची टाच आणि कास्तकाराची टाच

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे माझे गाव. मी सहासात वर्षांचा असेन. एके दिवशी आजी आईला हळूच म्हणाली, "ऐकलं काय व, आबाजीच्या वावरावर टाच आली म्हन्ते." आबाजी आमचे शेजारी, कोरडवाहू पऱ्हाटीचे कास्तकार. टाच म्हणजे पायाची मागची बाजू, एवढेच मला ठाऊक. ती वावरावर कशी येणार? रात्री कुणी राक्षस येऊन पाय देऊन गेला असावा, अशी समजूत करून घेऊन मी धावत वावरात गेलो आणि पावलाचा ठसा शोधीत बांधाबांधाने हिंडलो. पऱ्हाटी होती तशीच उभी होती. ठसा कुठेच नव्हता.

पुढे शाळामास्तर झालो आणि तो ठसा पुस्तकांत शोधू लागलो. काय हाती लागले ते आज सांगतो.

जुन्या पुस्तकांत हा शब्द 'टांच' असा, डोक्यावर टिंब देऊन छापलेला दिसेल. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते न उच्चारले जाणारे टिंब गेले. संस्कृतात टाचेला पार्ष्णि म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक मजेदार शब्द आहे, पार्ष्णिग्राह. राजा पुढच्या शत्रूवर चालून गेला की पाठीमागून जो त्याची टाच धरतो, तो शेजारी राजा म्हणजे पार्ष्णिग्राह. ग्रीक लोकांच्या कथेतला अकिलीज हा वीरही टाचेला बाण लागूनच पडला. या दोन्ही ठिकाणी टाच ही माणसाची दुबळी, उघडी पडलेली जागा आहे.

आपल्या मराठीत मात्र निराळेच दिसते. मराठीतली टाच पुष्कळदा दुसऱ्याच्या अंगावर पडते. घोड्याला टाच द्यावी, टाच मारावी, की घोडा उधळलाच. टाचेखाली दाबणे, टाचेखाली चिरडणे हे प्रयोग घ्या. हा सारा बोलण्याचा थाट वर बसलेल्या माणसाचा आहे. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचे घोडे आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोघांची ऐपत वेगळी, पण टाच दोघांनाही होती. घोड्याला काय वाटे, हे मात्र आपल्या भाषेने कुठे नोंदवलेले माझ्या वाचनात नाही.

बरे, घोडेस्वार गेले आणि कागद आले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला, तो याच कापसासाठी. त्याच सुमारास जमिनीची मोजणी होऊन खातेदारांच्या नावावर खाती लागली. जमीन नावावर आली म्हणजे ती विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. तेव्हा सावकारही उसने द्यायला उत्सुक झाला. युद्ध संपले, भाव उतरले. कर्ज मात्र उतरले नाही. मग दावा, हुकूमनामा आणि शेवटी टाच.

कायद्याच्या कागदात 'जप्ती' हा अरबीतून आलेला शब्दही आहे. पण बायाबापड्यांच्या तोंडी बसला तो 'टाच'च. असे का झाले असावे? मला दोन वाटा दिसतात. एक म्हणजे टाचेखाली दाबून धरणे. दुसरी वाट 'टाचणे' या क्रियापदाची: कापड टाचणे, कागद टाचणे. टाचणी त्यातलीच, आणि गुरुजनहो, आपण रोज लिहितो ती पाठटाचणाची वहीदेखील त्यातलीच. १९०८ च्या दिवाणी कायद्यात स्थावरावर टाच आणण्याची रीत दिली आहे. दवंडी पिटून हुकूम जाहीर करावयाचा आणि त्याची प्रत त्या मिळकतीवर ठळक जागी लावावयाची. म्हणजे कागद खरोखरच टाचला जातो! असे असूनही मला पहिलीच वाट जवळची वाटते. वावरावर टाच आली, असे आजीने म्हटले तेव्हा तिच्या आवाजात टाचणी नव्हती, पाय होता.

त्या कायद्याच्या ६० व्या कलमात काही गोष्टी टाचेतून वगळल्या आहेत, त्या ठाऊक असलेल्या बऱ्या. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, पोट भरण्यापुरते बैल आणि बियाणे, आणि तो स्वतः राहतो ते घर. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्यापूर्वी बेलिफाने राहत्या घरात पाऊल टाकावयाचे नाही, असेही ६२ वे कलम सांगते. आता यात काय नाही, ते पाहा. वावर नाही. बैल सुटतात, वखर सुटतो, जमीन अडकते. पुणे-नगरकडे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्यानंतर १८७९ साली कायदा झाला की, जमीन खास गहाण लिहून दिलेली नसेल तर साध्या पैशाच्या कर्जापोटी शेतकऱ्याच्या जमिनीवर टाच आणू नये. पण तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. वऱ्हाडचा कारभार तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटाकडे.

आज वर्तमानपत्रांत पगारावर टाच येते, सवलतींवर टाच येते, हक्कांवरही येते. शब्द सरकारदरबारी चांगलाच रुळला.

आता दुसरी टाच, पायी चालणाऱ्याची. ती कुणावर पडत नाही, स्वतःच झिजते. उन्हाळ्यात धसकटांतून अनवाणी चालले की टाचीले भेगा पडतात, त्यांत काळी माती जाऊन बसते. बाया आंघोळीच्या दगडावर वज्रीने टाचा घासतात, तरी ती निघत नाही. आणि 'टाचा घासू घासू मेला' असे आमच्याकडे म्हणतात तेव्हा वज्रीचा संबंध नसतो. हालहाल होऊन, जमिनीवर पाय खोडत जीव सोडणे, असा त्याचा अर्थ. टाचा उंचावून पाहणाराही हाच. गर्दीत मागे उभा राहणारा. घोड्यावर बसलेल्याला टाचा उंचावाव्या लागत नाहीत. तेव्हा वर्गात वाक्प्रचार शिकवताना मुलांना नुसता अर्थ पाठ करायला देऊ नका. ही टाच कुणाची आणि तिच्याखाली कोण, एवढे विचारून पाहा. माझ्या वर्गातल्या एका पोराने चटकन उत्तर दिले होते, "सर, खाली आमचं वावर."

आबाजींचे वावर त्या साली लिलावात गेले. बैलजोडी राहिली. पुढे ते तीच जोडी घेऊन लोकांच्या वावरात भाड्याने वखरपाळी करीत. हिवाळा आला की आजी राळ आणि तेल कढवून मलम करी, आणि आबाजींच्या टाचांसाठी त्यातले वाटीभर मी त्यांच्या घरी पोचवीत असे.